शिंपी, दर्जी, टेलर आणि शिवणाऱ्या काकू

ब्लाउज शेजारच्या बाईंकडे शिवायला दिला की आपण म्हणतो, 'काकूंकडे टाकलाय'. दुकानात दिला तर 'टेलरकडे टाकलाय'. माप तेच, टीपही तीच. पण शिवणाऱ्या बाईला मराठीत धंद्याचं नाव मिळालेलं नाही, नात्याचं मिळालं आहे. धंद्याची नावं कुठून आली ते पाहिलं की हे जास्तच टोचतं.

'शिंपी' हा शब्द संस्कृत 'शिल्पिन्'वरून आला असं कोशकार मानतात. म्हणजे मुळात हातात कसब असलेला कुणीही. त्यात सुई नाही, दोरा नाही. सुई आहे ती 'सौचिक' या संस्कृत शब्दात, सूचीवरून आलेली. अमरकोशात सौचिकालाच 'तुन्नवाय' असंही म्हटलं आहे. तुन्न म्हणजे टोचलेलं, फाटलेलं; वाय म्हणजे विणणारा. फाटलेलं विणणारा! मला हा शब्द फार आवडतो, कारण रफूगार आजही नेमकं हेच करतो. कपड्याच्या आत सोडलेल्या मायेतून, म्हणजे शिवणीबाहेरच्या जादा कापडातून, तो त्याच कापडाचा धागा उसवून घेतो, भोकावर आधी उभे धागे ताणतो, मग एक वरून एक खालून असे आडवे घालत तेवढं कापड पुन्हा विणून काढतो.

'रफूगार' हा शब्द फारसी. 'दर्जी'ही फारसी, 'दर्ज' म्हणजे शिवण यावरून. 'जरदोज'मधलं जर म्हणजे सोनं आणि दोज म्हणजे शिवणारा. 'टेलर' इंग्रजीतून आला, त्याच्या मुळाशी कापणे या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे. म्हणजे दर्जीचं नाव शिवणीवरून, टेलरचं कापण्यावरून. दुकानात ही दोन कामं अजूनही वेगळी असतात: मास्तर बेततो, कारागीर शिवतो. काजं, हुकं आणि तुरपाई पुष्कळदा कुणा बाईच्या घरी जाते. तिला नाव नाही.

नामदेव शिंपी हे आपल्याला माहीतच आहे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांत ते स्वतःला 'छीपा' म्हणवतात, आणि उत्तरेत छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. या पदांतच मनाचा गज, म्हणजे कापड मोजायची काठी, होतो आणि जिभेची कात्री होते. सुई सोन्याची आणि दोरा रुप्याचा.

बायकांसाठी शब्द नव्हता असं नाही. 'शिंपीण' होता, पण तो शिंप्याची बायको किंवा त्या समाजातली स्त्री या अर्थाने. ती सुई हातात धरते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. 'लेडीज टेलर' म्हणजे बायकांचे कपडे शिवणारा, बहुधा पुरुषच. विणण्याचंही तसंच. माग, बाज, टोपली, स्वेटर, सगळ्याला आपण 'विणणे'च म्हणतो. पण 'विणकर' म्हटलं की मागच डोळ्यांपुढे येतो, दोन सुयांवर टाके मोजत बसलेली बाई येत नाही. भरतकाम करणारीला तर 'भरतकाम करणारी' एवढंच.

इंग्रजीत शिवणाऱ्या बाईला 'सीमस्ट्रेस' हा शब्द आहे. त्याचं जुनं रूप मुळातच स्त्रीलिंगी होतं. हे लोकांच्या विस्मरणात गेलं आणि त्याला पुन्हा स्त्रीलिंगी प्रत्यय लागला. मराठीत 'शिवणारी' आणि 'विणणारी' हे शब्द क्रियापदातून सरळ निघतात, कुणालाही कळतात. दुकानाच्या पाटीवर मात्र मी ते अजून वाचलेले नाहीत.