त्वचारोगशास्त्रातील निवासी प्रशिक्षण (भारत)

एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप झाल्यावर, शिक्षण-रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काम करता करता घ्यावयाचे त्वचारोगांचे तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. पदवीचे नाव एम.डी. (त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग). रुग्णालयात तिला कोणी ‘डीव्हीएल’ (डर्मटॉलॉजी, व्हेनेरिऑलॉजी, लेप्रसी) म्हणतात, कोणी नुसते ‘स्किन’. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही तिची समकक्ष पदवी. पूर्वी दोन वर्षांच्या पदविकेवर व्यवसाय करणारे त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळ होते; अलीकडे पदविकेच्या बऱ्याच जागा एम.डी.च्या जागांत बदलल्या गेल्या आहेत.

प्रवेश ‘नीट-पीजी’ या देशव्यापी परीक्षेतून मिळतो. दोनशे प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक वजा, एकूण ८०० गुण. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुद्दुचेरीची जिपमेर यांसारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी ‘आयएनआय-सीईटी’ ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. अभिमत विद्यापीठे सोडली तर पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

एका महाविद्यालयात या विषयाच्या जागा थोड्या आणि मागणी मोठी. त्यामुळे रेडिओलॉजी आणि मेडिसिनबरोबर ‘स्किन’च्या जागाही काउन्सेलिंगच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतच संपतात. ओढ्याची कारणे उघड आहेत. रात्री-अपरात्री धावपळ कमी, ऑपरेशन थिएटर आणि खाटांच्या खर्चाशिवाय एका गाळ्यात दवाखाना थाटता येतो, आणि लेझर, पील, केसांचे उपचार यांतून मिळकत चांगली होते. गंमत अशी की एम.बी.बी.एस.मध्ये या विषयाची स्वतंत्र परीक्षाच नसते. मेडिसिनच्या पेपरात एखाद-दुसरा प्रश्न येतो आणि इंटर्नशिपमध्ये थोडे दिवस ओपीडी दिसते. वरचा क्रमांक मिळालेला विद्यार्थी अनेकदा दवाखान्याचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून विषय निवडतो. विभागात मात्र त्याच्या वाट्याला येतात ती खरूज, गजकर्ण, बधिर चट्टे आणि पेम्फिगस या अंगभर फोड आणणाऱ्या आजारातील फुटलेल्या फोडांची ड्रेसिंग. हे शिक्षण समजून घ्यायचे तर या तफावतीपासून सुरुवात करावी लागते.

पदवीच्या नावातील तीन विषयांची सांगड जुनी आहे. सिफिलिसचे व्रण आणि कुष्ठरोगाचे चट्टे दोन्ही त्वचेवरच दिसत, म्हणून ते रुग्ण त्याच डॉक्टरांकडे येत. या क्षेत्रातील भारतीय नियतकालिक १९३५ मध्ये मुंबईत डॉ. यू. बी. नारायण राव यांनी सुरू केले, तेही गुप्तरोगांचे म्हणूनच. देशभरातील तज्ज्ञांची आयएडीव्हीएल ही संघटना १९७३ मध्ये झाली. तिच्याही नावात तिन्ही विषय आहेत. ‘डर्माकॉन’ हे तिचे वार्षिक अधिवेशन. निवासी डॉक्टरांचे पहिले पोस्टर बहुधा तिथे किंवा राज्य शाखेच्या ‘क्युटिकॉन’मध्ये लागते.

ओपीडी. पहिल्या वर्षाच्या ज्युनिअर रेसिडेंटचा बहुतेक वेळ ओपीडीत जातो. रुग्ण आपल्या भाषेत बोलतो: अंगावर पित्त उठलंय, चाई पडली, नागीण झाली, तोंडावर वांग आलेत. त्यावरून नेमके निदान गाठायचे आणि मागची रांगही पुढे सरकवायची. इथले शिक्षण आधी डोळ्यांचे असते. डाग सपाट की उठावाचा, खपली कशी, कडा कशी, चट्टे दोन्ही अंगांना सारखे की एकीकडेच, हे न्याहाळून शब्दांत मांडता आले पाहिजे. वर्णन बरोबर जमले की निदान अर्धे झाले, असे वरिष्ठ सांगतात आणि नवख्याचे वर्णन हमखास खोडतात.

छोट्या तपासण्या विभागाच्या बाजूच्या खोलीत रेसिडेंटच करतो. गजकर्णाच्या कडेची खपली खरवडून, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधायचे. फोडाचा तळ खरवडून, त्यातल्या पेशी पाहण्यासाठी जीम्सा रंगाने झांक स्मिअर करायचा. वुड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशाखाली कोड पाहायचे, डर्मोस्कोपच्या भिंगातून केसांची मुळे. तीन-चार मिलिमीटरच्या पंचने बायॉप्सी घेणे तर लवकरच हातवळणी पडते.

गेल्या दशकात या खोलीतले काम गजकर्णाने वाढवले. औषधांना दाद न देणारा, पुन्हा पुन्हा उलटणारा संसर्ग देशभर पसरला. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळाले. चिठ्ठीशिवाय दुकानातून मिळणाऱ्या स्टेरॉइड-मिश्रित मलमांनी रोगाची कडा पुसली जाते. त्यामुळे पुस्तकातले गोल कडे रेसिडेंटला प्रत्यक्षात क्वचितच भेटते. चेहऱ्यावर गोरेपणासाठी तीच मलमे चोपडून आलेल्या मुली हा ओपीडीतला दुसरा नेहमीचा वर्ग. त्यांना मलम बंद करायला लावणे हे औषध लिहिण्यापेक्षा कठीण काम आहे.

कुष्ठरोग. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे म्हणण्याजोगी पातळी भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठली. म्हणजे दर १०,००० लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण. तरी जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. महाराष्ट्राचे या रोगाशी नाते जुने आहे: वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय (१८९०), वर्ध्याजवळचे दत्तपूर, वरोऱ्याचे आनंदवन. इतर देशांत फक्त पुस्तकात भेटणारा हा रोग इथला रेसिडेंट स्वतःच्या बोटांनी शिकतो. कोपराच्या आतल्या बाजूला अल्नर नस चाचपून ती जाड झाली आहे का, दुखते का हे पाहायचे, आणि ते करताना नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची, कारण दुखले तरी तो बोलेलच असे नाही. मग चट्ट्यावर कापूस टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला जाणवले तिथे बोट ठेवायला सांगायचे.

त्वचेच्या स्मिअरला धीर लागतो. कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत पांढरी पडेपर्यंत घट्ट दाबायची, म्हणजे रक्त येत नाही. पंधरा नंबरच्या ब्लेडने सुमारे पाच मिलिमीटर लांब, दोन-तीन मिलिमीटर खोल छेद घ्यायचा. ब्लेड काटकोनात वळवून छेदाची भिंत खरवडायची आणि मिळालेला रस काचपट्टीवर गोलाकार पसरायचा. झील-नील्सन पद्धतीने रंगवून लाल जंतू मोजायचे आणि शून्य ते सहा अशी श्रेणी द्यायची. चिमटीची पकड सैल पडली की काचपट्टीवर रक्तच जास्त येते आणि वाचन फसते.

बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने चालतो. त्यातल्या क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळवंडली की रुग्ण गोळ्या सोडायला निघतो, तेव्हा त्याला थांबवायचे कामही रेसिडेंटचेच. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही येणाऱ्या, नसांना सूज आणणाऱ्या ‘रिअॅक्शन’मध्ये वेळेत स्टेरॉइड दिले नाही, तर नस कायमची जाते आणि बोटे वाकडी होतात.

गुप्तरोग विभागात ‘सुरक्षा क्लिनिक’ या सरकारी दवाखान्याच्या, रंगावरून ओळखायच्या औषधांच्या किटने काम चालते. मूत्रमार्गातील स्रावाला करडे किट, नागिणीच्या जातकुळीच्या लैंगिक हर्पीसला लाल, जांघेतल्या गाठीला काळे. औषध सोपे असते. जोडीदाराला घेऊन या, हे पटवणे अवघड.

वॉर्ड. ‘स्किनमध्ये इमर्जन्सी नसते’ हा समज वॉर्डातल्या पहिल्या टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसच्या रुग्णाबरोबर संपतो. फिटची, सल्फाची किंवा युरिक ॲसिड कमी करणारी गोळी घेतलेल्या माणसाची कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. मग द्रवांचा हिशेब, डोळ्यांची निगा आणि जंतुसंसर्गावर पहारा दिवसरात्र ठेवावा लागतो. पेम्फिगसचे रुग्ण आठवडेच्या आठवडे राहतात. दर २८ दिवसांनी तीन दिवस डेक्सामेथासोन आणि त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ही ‘पल्स’ पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८०च्या दशकात रूढ केली. आता अनेक ठिकाणी तिची जागा रिटुक्सिमॅब या नव्या औषधाने घेतली आहे, तरी जुन्या सरांच्या तोंडी परीक्षेत ती विचारली जातेच.

प्रबंध, जिल्हा नेमणूक, परीक्षा. प्रबंधाचा आराखडा पहिल्या वर्षीच नैतिकता समितीपुढे जातो. संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. मधल्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालय व्यवस्थेत काम करावे लागते. ही अट २०२१च्या तुकडीपासून आली. काहींना ती प्रबंधाच्या ऐन भरात आलेली आडकाठी वाटते, पण गावातला लवकरच्या टप्प्यातला कुष्ठरुग्ण शहरातल्या ओपीडीपेक्षा तिथेच भेटण्याचा संभव जास्त. शेवटी चार लेखी पेपर आणि मग प्रात्यक्षिक: दीर्घ केस, लघु केस, स्पॉटर (पाहताक्षणी ओळखायचे नमुने) आणि ऊतींच्या काचपट्ट्या. दीर्घ केसला कुष्ठरुग्ण आला तर नसा तपासण्याचा क्रम एकदा चुकला तरी परीक्षक लगेच पकडतात.

ज्या कौशल्यांसाठी अनेकजण विषय घेतात, त्या लेझर, बोटॉक्स, केसरोपणाचा सराव सर्वत्र सारखा मिळत नाही. काही विभागांत अद्ययावत यंत्रे आहेत, काहींत ती बिघडून कपाटात आहेत. म्हणून एम.डी.नंतर पुष्कळजण फेलोशिप किंवा खाजगी कार्यशाळा करतात. केसरोपण कोणी करावे याबाबत राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या, तरी सलून आणि पार्लरांच्या पाट्या उतरलेल्या नाहीत. महाराष्ट्रात सरकारी जागेवर शिकलेल्यांना वर्षभराची बंधपत्रित सेवा द्यावी लागते. ती चुकवायची तर दंड भरावा लागतो.