नंबर आठ, पण पारपटल किती?

लेसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर ऑपरेशनमध्ये, तो लेसर एका डोळ्यावर बहुधा मिनिटभरही चालत नाही. खरं काम त्याआधीच्या मोजमापांत असतं, आणि ‘तुमचं करता येणार नाही’ हे उत्तरही तिथेच मिळतं.

मायनस नंबरमध्ये बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबट झालेला असतो. लेसर त्याला हात लावत नाही; फक्त समोरचं पारपटल (बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) मधोमध झिजवून थोडं चपटं करतो. (म्हणून मोठा नंबर असलेल्यांनी चष्मा सुटल्यावरही डोळ्याच्या मागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी सोडू नये.) १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर आजूबाजूला न भाजता ऊती काढतो, हे १९८१ मध्ये आयबीएममधल्या रंगस्वामी श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्यांनी लेसर चालवला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीवर!

आता हिशेब. पारपटलाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). वर उचलायचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, ११० चा धरू. किती झिजवायचं? दुरुस्तीच्या भागाच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन. व्यास ६.५ आणि नंबर सहा असेल तर सुमारे ८५ मायक्रॉन. खाली ३४५ उरले. उत्तम. पण पारपटल ४८० आणि नंबर आठ असेल तर ११३ जातात, उरतात २५७. किमान २५० हवेत, आणि बरेच सर्जन ३०० खाली उतरत नाहीत. व्यास ६ केला तर १७ मायक्रॉन वाचतात खरे, पण अंधारात बाहुली त्याहून मोठी झाली की गाडीच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात.

जाडी पुरेशी असूनही टोपोग्राफीत, म्हणजे पारपटलाच्या आकाराच्या नकाशात, छुपा केराटोकोनस (पारपटल कमकुवत होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) निघाला, तर लेसिक नकोच. कमकुवत पारपटल पुढे फुगत जातं. कॉन्टॅक्ट लेन्सने आकार तात्पुरता बदलतो, म्हणून तपासणीआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून जास्त काळ बंद ठेवतात. इथे खोटं बोलणारे स्वतःचाच नंबर चुकवतात.

पारपटल थोडं पातळ असेल तर पीआरके, म्हणजे वरची नाजूक साल काढून थेट पृष्ठभागावर लेसर, हा मार्ग आहे. त्यात फ्लॅप नसतो, पण तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो.

लेसिकमध्ये फ्लॅप कापताना पारपटलातले मज्जातंतूही कापले जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे पडतात. पहिले काही आठवडे डोळे अजिबात चोळू नयेत, फ्लॅप सरकतो.

ऑपरेशनआधीचे रिपोर्ट मात्र जपून ठेवा. पारपटल पातळ झाल्यावर डोळ्याचा दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढतानाही तेच जुने आकडे उपयोगी पडतात.