लफेव्र (फ्रेंच आडनाव)

लफेव्र हे उत्तर फ्रान्समधलं एकदम कॉमन आडनाव आणि त्याचा अर्थ सरळ आहे, लोहार. फ्रान्समधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते पहिल्या वीसात येतं, शिवाय बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्येही भरपूर सापडतं. स्पेलिंग एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई असं आहे, त्यामुळे आपल्याकडे पेपरात वगैरे लेफेब्रे, लेफेबव्हर असं काहीही छापून येतं, पण त्यातला बी उच्चारायचाच नसतो आणि शेवटचा र पण भरभर बोलताना गळतो, मग ऐकू येतं ते जवळपास लफेव्.

इंग्लंडमध्ये स्मिथ हे एक नंबरचं आडनाव आहे हे बहुतेकांना माहीत असतं. मग फ्रान्समध्ये लोहार कमी होते का? अजिबात नाही, फक्त तिकडचे लोहार एका नावाखाली गोळा झाले नाहीत. उत्तरेत लफेव्र, पूर्वेला फेव्र, आल्प्सच्या बाजूला फाव्र, त्याच्या खाली फोर, दक्षिणेला फाब्र, पश्चिमेच्या टोकाला ब्रिटनीमध्ये ल गोफ आणि जर्मन सीमेवरच्या आल्सासमध्ये चक्क श्मिट. ही सगळी मंडळी लोहारच. आडनावांची यादी बनवताना मात्र प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं म्हणून पहिला नंबर मार्टां (स्पेलिंग इंग्रजी मार्टिनसारखंच) या आडनावाला जातो, जे मुळात एका संताचं नाव आहे.

मूळ शब्द लॅटिनमधला फाबेर. लॅटिनमध्ये फाबेर म्हणजे कुठल्याही कडक वस्तूवर काम करणारा कारागीर, लाकडाचा फाबेर वेगळा, लोखंडाचा वेगळा, पण नंतर नुसतं फाबेर म्हटलं की लोखंडवालाच असं झालं. या शब्दाचं प्रत्येक भागात काय झालं ते बघितलं की आडनावांचा नकाशा आपोआप उलगडतो. दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या बाजूला, जिथे ऑक्सितान बोली चालायची, तिथे लॅटिनचा ब टिकला आणि फाब्र झालं. थोडं वर, सावोई आणि आजच्या स्वित्झर्लंडचा फ्रेंच भाग इथे ब चा व झाला, फाव्र. दोफिने आणि लिमुझां भागात त्या व चा पुढे उ होऊन फोर हे रूप तयार झालं (स्पेलिंगमध्ये तो उ अजून दिसतो). आणि उत्तरेत ब चा व तर झालाच, वर आ चा ए पण झाला, म्हणून फेव्र. हे नियम काही फक्त लोहारासाठी नव्हते, त्या त्या भागातले शेकडो शब्द असेच बदलले, त्यामुळे एखाद्या फ्रेंच माणसाचं नुसतं आडनाव ऐकून त्याचे पणजोबा-खापरपणजोबा साधारण कुठल्या पट्ट्यातले असतील ते सांगता येतं, निदान अंदाज तरी चांगला बांधता येतो.

पुढे लागलेला ल म्हणजे फ्रेंचमधलं आर्टिकल, इंग्रजीतल्या द सारखं. उत्तरेत आणि नॉर्मंडीत नावाला ल चिकटवायची पद्धत होती, लरुआ म्हणजे राजा, लमेर म्हणजे गावचा मेयर, लक्लेर म्हणजे कारकून, तसंच लफेव्र. दक्षिणेत हा प्रकार फारसा नव्हता म्हणून तिकडे नुसतं फाब्र.

आता तो न बोलला जाणारा बी कुठून आला? ही खरी मजेदार गोष्ट आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द बी शिवायच लिहायचे. पण त्या काळी यू आणि व्ही ही दोन वेगळी अक्षरं मानली जात नव्हती, एकच खूण दोन्हीसाठी चालायची, त्यामुळे लिहिलेला शब्द लफेव्र वाचायचा की लफेउर हे कळायला मार्ग नाही. शिवाय मध्ययुगाच्या शेवटी कोर्टातल्या आणि नोटरीच्या ऑफिसातल्या कारकुनांना लॅटिनचं भारी वेड होतं, शब्द लॅटिनसारखा दिसला की तो जास्त प्रतिष्ठित. त्यांनी फाबेरमधला ब परत आणून मध्ये घुसवला, एका दगडात दोन पक्षी, लॅटिनही दिसलं आणि पुढचं अक्षर व आहे हेही कळलं. आता गंमत अशी की काही लोकांना हे कळलंच नाही, त्यांनी बी पण उच्चारला आणि व्ही ला यू समजले, आणि त्यातून लफेब्यूर नावाचं एक वेगळंच आडनाव जन्माला आलं जे आजही आहे. 19व्या शतकातला पॅरिसचा प्रसिद्ध ऑर्गनवादक लफेब्यूर-वेली (1817–1869) हा या वाचनाच्या चुकीचा वारसदार म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे ज्या शब्दावरून आडनाव आलं तो शब्द फ्रेंचमधून जवळजवळ गेला. आज लोहाराला फ्रेंचमध्ये फोर्जरों म्हणतात, फेव्र कोणी म्हणत नाही. तो फक्त ऑर्फेव्र म्हणजे सोनार या शब्दात उरलाय. आडनाव मात्र हजारो घरांच्या दारावर आहे.

एवढे लोहार आले कुठून असं वाटेल, पण लॉजिक उलटं आहे. आडनावं साधारण 11व्या ते 13व्या शतकात रुजायला लागली, कारण गावात एकाच नावाचे दहा-दहा जण होते, नुसतं ज्यां किंवा पिएर म्हणून भागेना. अशा वेळी माणूस ओळखायला अशी खूण लागते जी दुसऱ्याकडे नाही. शेतकरी तर सगळेच, पण नांगराचा फाळ, विळे, खिळे, बिजागऱ्या, घोड्याचे नाल करणारा गावात एकच, फार तर दोन. म्हणून लोहार पिएर असं नाव पडलं आणि ते जवळपास प्रत्येक गावात स्वतंत्रपणे पडलं. त्यामुळे सगळे लफेव्र एकमेकांचे नातेवाईक असतील असं मुळीच नाही. आपल्याकडच्या लोहार, सुतार या आडनावांशी तुलना करायचा मोह होतो, पण फरक मोठा आहे, तिकडे आडनावाला जात चिकटलेली नव्हती, लोहाराचा मुलगा पाव भाजायला लागला तरी आडनाव लफेव्रच राहायचं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

स्पेलिंग पक्कं व्हायला खूप वेळ लागला. 1539 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने विलेर-कोत्रे इथे फर्मान काढलं, त्यात चर्चनी बाप्तिस्म्याची नोंद ठेवायची आणि कोर्टाचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहायचे असं ठरलं. नोंदी सुरू झाल्या पण पाद्री कानाला येईल तसं लिहायचा, एकाच घरातला एक भाऊ बी वाला आणि दुसरा बिन-बी वाला असं सर्रास व्हायचं. मग राज्यक्रांतीच्या काळात, 23 ऑगस्ट 1794 ला, कायदा आला की जन्मनोंदीत आहे त्याशिवाय दुसरं नाव कोणी लावायचं नाही. 1877 पासून सरकारने लग्न झालेल्या जोडप्याला कुटुंबाची नोंदवही द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर स्पेलिंग इकडचं तिकडे होणं जवळपास बंद झालं.

त्या 1794 च्या कायद्याची तारीख कागदावर 23 ऑगस्ट अशी नाहीच, ती आहे 6 फ्रुक्तिदोर, वर्ष दुसरे, म्हणजे क्रांतीच्या नव्या कॅलेंडरप्रमाणे. या कॅलेंडरच्या महिन्यांची नावं बनवणारा माणूस होता फाब्र देग्लांतिन, जन्म कार्कासोनचा, म्हणजे फाब्रच्या खास पट्ट्यातला. त्याचं खरं आडनाव नुसतं फाब्र. देग्लांतिन हे शेपूट त्याने स्वतःच लावलं होतं, तूलूझच्या काव्यस्पर्धेत जंगली गुलाबाचं बक्षीस मिळालं असा त्याचा दावा होता. असं मनाने आडनाव वाढवायला बंदी घालणारा कायदा त्याच्याच महिन्यात निघाला, फक्त तो बघायला तो नव्हता, एप्रिल 1794 मध्येच त्याला गिलोटिनवर चढवलं होतं.

प्रसिद्ध लोकांची यादी काढायची तर संपणार नाही, पण एक योगायोग सांगायलाच हवा. 20व्या शतकात फ्रान्समध्ये इतिहास लिहिण्याची पद्धतच बदलली आणि त्यातली तीन मोठी नावं म्हणजे राज्यक्रांतीच्या काळातल्या शेतकऱ्यांवर काम करणारे जॉर्ज लफेव्र (1874–1959, जन्म लीलचा), 1929 मध्ये मार्क ब्लॉकबरोबर आनाल हे नियतकालिक काढणारे ल्युसियां फेव्र (1878–1956) आणि मध्ययुगाचे अभ्यासक जाक ल गोफ (1924–2014). तिघंही लोहार! उत्तरेचा, पूर्वेचा आणि ब्रिटनीचा. आपल्याकडे शहर नियोजन किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्यांना चौथा लोहार जास्त माहीत असतो, तत्त्वज्ञ आंरी लफेव्र (1901–1991), शहरावरचा हक्क ही कल्पना त्याने 1968 मध्ये मांडली आणि मुंबईतल्या झोपडपट्ट्यांच्या चर्चेत ती अजून येते. बाकी नेपोलियनचा मार्शल लफेव्र आहे, 1988 मध्ये पोपशी भांडून चर्चबाहेर गेलेला आर्चबिशप मार्सेल लफेव्र आहे, किड्यांचा निरीक्षक ज्यां-आंरी फाब्र (1823–1915, जन्म आव्हेरों जिल्ह्यात, तोही फाब्रचाच इलाखा), संगीतकार गाब्रिएल फोरे, राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर.

आणि एक फाव्र असा आहे ज्याचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. पिएर फाव्र, जन्म 1506, सावोईतल्या डोंगराळ खेड्यातला मेंढ्या राखणारा पोरगा, पॅरिसला शिकायला गेला आणि सेंत-बार्ब कॉलेजात त्याचा रूममेट होता फ्रान्सिस झेवियर. नंतर त्यांच्यात इग्नेशियस लोयोला येऊन मिळाला. 15 ऑगस्ट 1534 ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी शपथ घेतली, ज्यातून पुढे जेसुइट संघ उभा राहिला, तेव्हा त्यांच्यात पाद्री झालेला एकटा फाव्रच होता म्हणून प्रार्थना त्याने चालवली. झेवियर 1542 मध्ये गोव्याला पोचला, त्याचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझसमध्ये आहे, मुंबईचं कॉलेज त्याच्या नावाने आहे. फाव्र मात्र युरोपातच फिरत राहिला आणि 1546 मध्ये वारला, त्याला संतपद मिळायला 2013 उजाडलं. इंग्रजी पुस्तकांत तो पीटर फेबर म्हणून येतो कारण त्या काळचे विद्वान आपलं आडनाव परत लॅटिनमध्ये फिरवून घ्यायचे, बायबल फ्रेंचमध्ये आणणारा जाक लफेव्र देताप्ल हाही लॅटिन ग्रंथांवर फाबेर म्हणूनच सही करायचा.

फ्रान्सबाहेरचा प्रवास दोन वाटांनी झाला. एक धर्मामुळे. 1685 मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं संरक्षण काढून घेतलं आणि ह्युगेनो (म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट) लोक इंग्लंड, हॉलंड, अमेरिका असे पांगले. काही तर आधीच निघाले होते, न्यूयॉर्क राज्यातलं न्यू पॉल्ट्झ हे गाव 1670 च्या दशकात ज्यांनी वसवलं त्यात लफेव्र बंधू होते. इंग्लंडमध्ये याच वंशाचा चार्ल्स शॉ-लफेव्र 1839 ते 1857 हाऊस ऑफ कॉमन्सचा स्पीकर होता. दुसरी वाट क्वेबेकची, 17व्या शतकात फ्रान्सची वसाहत झाली तेव्हाची. तिथे एकाच आडनावाचे लोक वाढले की ऊर्फ लावायची पद्धत होती, आणि त्यातलं एक घराणं आहे लफेव्र ऊर्फ बुलांजे, म्हणजे लोहार ऊर्फ बेकरीवाला. पुढे काही वंशजांनी पहिलं नाव ठेवलं, काहींनी नुसतं दुसरं.

क्वेबेकमधून लोक अमेरिकेतल्या कापड गिरण्यांत कामाला गेले तेव्हा तर पार वाट लागली. लफेव्रचं लफेव्ह, लफेव्हर झालं, आणि काहींचं चक्क बीन. कारण फ्रेंचमध्ये फेव्ह म्हणजे वालासारखी एक शेंग, शेवटचा र गळला की दोन्ही सारखंच ऐकू येतं, मग इंग्रजीत भाषांतर करताना लोहाराची शेंग झाली. अमेरिकन फुटबॉलवाला ब्रेट फाव्र मिसिसिपीचा, त्याचं आडनाव तिकडे फार्व असं म्हणतात, व आणि र नी जागाच बदलली. फाव्रो हे त्याच शब्दाचं छोटं रूप, धाकटा लोहार म्हणू. 2008 चा आयर्न मॅन ज्याने दिग्दर्शित केला तो जॉन फाव्रो, फ्रेंच-कॅनेडियन मुळाचा, आता लोखंडी माणूस घडवायला लोहारच मिळाला याला काय म्हणणार.

आजच्या फ्रान्समध्ये लफेव्र सगळ्यात दाट आहेत ते नॉर, पा-द-काले, सोम आणि नॉर्मंडीचा सेन-मारितीम या जिल्ह्यांत, म्हणजे लील ते रूआं हा पट्टा, आणि सीमेपलीकडे बेल्जियमचा एनो प्रांत. पॅरिस आणि आसपास पण खूप आहेत, पण ते कामधंद्यासाठी गेलेले. बिन-बी वाला लफेव्र साधारण याच भागात, थोडा दक्षिणेकडे पसरलेला. फाब्र अजूनही आव्हेरों, एरो, तार्नच्या बाजूला आणि फाव्र ओत-सावोई आणि जिनिव्हाकडे. रेल्वे, गिरण्या, दोन महायुद्धं, एवढं होऊनही नकाशा फार विस्कटला नाहीये हे मला तरी नवलाचं वाटतं.

कायद्याने आता थोडी ढिलाई आलीये. 2005 पासून मुलांना आईचं किंवा दोघांची आडनावं लावता येतात, जुलै 2022 पासून सज्ञान माणसाला आयुष्यात एकदा साधा फॉर्म भरून दुसऱ्या पालकाचं आडनाव घेता येतं, तरी बहुतेक मुलांना अजून बापाचंच लागतं. बी घालायचा किंवा काढायचा असेल तर मात्र एवढं सोपं नाही, त्याला कारण दाखवावं लागतं. त्यामुळे जुन्या नोंदींत कोणाचं घराणं शोधायचं असेल तर बी असलेलं, नसलेलं, ल जोडलेलं, ल सुटं लिहिलेलं आणि लफेब्यूर, अशा सगळ्या स्पेलिंगखाली शोधायचं, नाहीतर 1800 च्या मागे गेलं की माणूस अर्ध्यातच हरवतो.