इंग्रजीतील केवलप्रयोगी अव्यये

केवलप्रयोगी अव्यय म्हणजे वाक्यरचनेत न गुंतता बोलणाऱ्याची भावना एकदम व्यक्त करणारा अविकारी शब्द. तो गाळला तरी उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या पुरे असते. ग्रीक वैयाकरण त्याची गणना क्रियाविशेषणांत करीत. स्वतंत्र शब्दजात मानली ती लॅटिन वैयाकरणांनी, आणि इंग्रजीने तीच विभागणी उचलली.

‘आउच’, ‘वाव’, ‘उप्स’ हे मुळातच उद्गार. ‘हेल’, ‘गुडनेस’ हे नामांवरून आलेले. ‘गॉश’ हे देवाचे नाव थेट घेणे टाळण्यासाठी घडलेले सौम्य रूप आहे. मराठीत ‘अरे देवा!’ सहज तोंडी येते, म्हणून ‘ओ माय गॉड’ही तितकेच निरुपद्रवी वाटते. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मात्र ते खटकू शकते. गोव्यात हे ध्यानात ठेवलेले बरे.

अर्थाचा बराच भार स्वरावर असतो. ‘ओह’ उतरत्या स्वरात म्हटले तर ‘आत्ता कळले’, चढत्या स्वरात ‘खरंच?’, लांबवून सपाट म्हटले तर निराशा. कोण कुठे म्हणतो हेही ठरलेले असते. ‘उप्स’ स्वतःच्या किरकोळ चुकीला चालते. दुसऱ्याच्या अपघाताची बातमी ऐकून म्हटल्यास ते निर्दय वाटते. सर्वांत फसवी जिभेची चुकचुक: मराठी माणूस हळहळ म्हणून चुकचुकतो, इंग्रजीत तो आवाज मुख्यतः नापसंतीचा. सांत्वनाला गेलेल्याने तो काढला, तर ऐकणाऱ्याला तो ठपका वाटण्याचा संभव असतो.

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलाला हे शब्द बहुधा ‘हुर्रा’ म्हणजे आनंद, ‘अलास’ म्हणजे दुःख अशा यादीतून भेटतात. यादी जुनाट आहे. आज ‘अलास’ बोलण्यात आले तर बहुतेक थट्टेने. खऱ्या वाईट बातमीला ‘ओ नो’ म्हणतात. अप्रत्यक्ष कथन करताना उद्गार गाळून त्याची भावना क्रियापदात आणावी लागते: ‘हुर्रा! वी हॅव वन’ (आम्ही जिंकलो) याचे ‘दे एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट दे हॅड वन’. उद्गारचिन्ह तसेच ठेवणे आणि ‘हॅव’चा ‘हॅड’ न करणे, या नेहमीच्या चुका.

तीव्र उद्गारानंतर उद्गारचिन्ह, सौम्य उद्गारानंतर स्वल्पविराम. काव्यातील संबोधनाचा एकाक्षरी ‘ओ’ नेहमी मोठ्या लिपीत असतो व त्यापुढे स्वल्पविराम येत नाही. ‘ओह’ वाक्याच्या मध्ये आल्यास लहान लिपीत लिहितात.