क्रूझवरील केबिन टीव्ही

क्रूझवरील केबिन टीव्ही : सहलीच्या जहाजांवर प्रवाशांच्या खोल्यांत बसवलेला दूरचित्रवाणी संच आणि त्यावर दिसणारे सर्व काही. यात उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्या, जहाजाने स्वतः चालवलेल्या वाहिन्या, मागाल तेव्हा लागणारे चित्रपट आणि अलीकडे मोबाइलशी जोडलेल्या सेवा येतात. मनोरंजनाचे साधन म्हणून हा टीव्ही बेताचाच असतो. जहाजाचा सूचनाफलक म्हणून मात्र त्याला तोड नाही.

पुण्याला समुद्र नाही, तरी क्रूझचे वेड आहे. इथला प्रवासी एक तर द्रुतगती मार्गाने मुंबई गाठतो आणि बॅलार्ड पिअरला जहाजात चढतो, नाही तर विमानाने सिंगापूरला जाऊन तिथून तीन-चार रात्रींची फेरी करतो. आधीच्या पिढीला ‘बोट’ म्हटले की कोकणात जाणारी आगबोट आठवे. तिच्यावर करमणूक म्हणजे शेजारच्याशी गप्पा. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या सुरू करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे, म्हणजे जाड काचेच्या ट्यूबवाल्या टीव्हीच्या जमान्यातले. सहल निघण्यापूर्वी पुण्यात हॉल घेऊन प्रवाशांच्या बैठका होतात. केबिनमध्ये टीव्ही आहे का आणि त्यावर मराठी चॅनेल लागतात का, हे तिथले नेहमीचे प्रश्न. पहिल्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ असते. परदेशी जहाज असेल तर दुसऱ्याचे सहसा ‘नाही’. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर जैन जेवण मिळते, पण रात्री साडेआठची मालिका मिळत नाही.

तंत्र : पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर गेले तर सगळ्या डीटीएच डिश दक्षिण-पूर्वेकडे तोंड करून उभ्या दिसतात. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असलेला भूस्थिर उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, त्यामुळे आपल्याला तो जागचा हलत नाहीसा वाटतो. डिश एकदा नेमकी रोखून बोल्ट आवळले की काम झाले. जहाजावर हा सगळा हिशेब मोडतो. जहाज पुढे जाते, वळते, लाटेवर डोलते आणि अंशभर तोंड फिरले तरी चित्र जाते. म्हणून जहाजाची डिश मोटरींवर बसवलेली असते. जायरोस्कोपसारखे संवेदक जहाज किती कलले ते सांगतात, जीपीएसवरून जागा कळते आणि डिश क्षणोक्षणी उलट्या बाजूला वळून उपग्रहाकडे नजर लावून राहते. जहाजाच्या माथ्यावर जे पांढरे घुमट दिसतात, त्यांच्या आत ही कसरत चाललेली असते. घुमट फक्त वाऱ्यापासून आणि खाऱ्या पाण्यापासून आडोसा देतात. धुराडे किंवा डोलकाठी मध्ये आली तर एका डिशला उपग्रह दिसत नाही, म्हणून मोठ्या जहाजांवर एकाहून अधिक घुमट असतात. एकीची दृष्टी अडली की दुसरी काम घेते.

पावसाचे दुखणे घरचेच आहे. आपल्या डीटीएचचे प्रसारण केयू पट्ट्यातले, म्हणजे आखूड लहरींचे. जोराच्या सरीत ते शोषले जाते आणि पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. समुद्रातही तेच होते. त्याहून लांब लहरींच्या सी पट्ट्याला पावसाचा त्रास बराच कमी, पण त्याची डिश मोठी लागते, दोन-अडीच मीटर व्यासाची. याशिवाय अक्षांशाचा प्रश्न आहे. मुंबई किंवा सिंगापूरच्या समुद्रात भूस्थिर उपग्रह आकाशात बराच वर असतो. अलास्का किंवा नॉर्वेकडे तो क्षितिजाला टेकू लागतो आणि दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या खाडीत जहाज शिरले की डोंगराआड जातो. अशा वेळी केबिनमधल्या बातम्या बंद पडतात आणि प्रवासी स्वागतकक्षाला फोन करतात. तिथल्या माणसाच्या हातात काही नसते.

चित्र दिसते पण वाहिनी हवी ती नसते, याचे कारण मात्र निराळे आहे. उपग्रहाचा किरण ठरावीक प्रदेशावरच पडतो. भारतासाठीचा किरण किनारा सोडून दूर गेल्यावर क्षीण होत जातो. त्याहून मोठी अडचण हक्कांची. मालिका, चित्रपट, सामने यांचे प्रसारणहक्क देशागणिक विकले जातात आणि भर समुद्र कुठल्याच देशात मोडत नाही. त्यामुळे जहाजांवर त्याच वाहिन्या दिसतात ज्यांनी सागरी हक्क घेतलेले असतात: सीएनएन इंटरनॅशनल, बीबीसी, अमेरिकी जहाजांवर फॉक्स न्यूज वगैरे. विमाने आणि जहाजांसाठी २०१२ साली ‘स्पोर्ट २४’ ही थेट सामन्यांची खास वाहिनी निघाली. क्रिकेट पाहायला मिळेलच, हे गृहीत धरून कोणी तिकीट काढू नये. चित्रपटांचेही तसेच. घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी जहाजाला केबिनच्या वाहिनीवर लावता येत नाही. त्यासाठी वितरकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो.

जहाज आणि उपग्रह यांच्या कथेत पुणे जिल्ह्याचा एक कोपरा येतो. नारायणगावजवळच्या आर्वी येथे १९७१ साली विक्रम भूकेंद्र सुरू झाले. भारताचे हे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र. त्याची डिश सुमारे ३० मीटर व्यासाची. पुढे तिथूनच इन्मारसॅट या सागरी उपग्रहसेवेचे संदेशही जात. हिंदी महासागराच्या उत्तर भागातल्या जहाजांना वादळाचे, बुडालेल्या अडथळ्यांचे इशारे आर्वीमार्गे मिळत. द्राक्षबागांच्या मुलखातून जहाजांना इशारे जात होते, हे नाशिक रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीकांना ठाऊक असेल?

जहाजाच्या स्वतःच्या वाहिन्या : केबिन टीव्हीची खरी गंमत इथे आहे. सर्वांत जास्त पाहिली जाणारी गोष्ट बहुधा नकाशाची वाहिनी असावी. तिच्यावर जहाजाची जागा, दिशा, वारा, कधी तळाखालच्या पाण्याची खोली आणि नॉटमध्ये वेग असतो. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, जहाज २० नॉटने चालले असेल तर ताशी ३७ किलोमीटर, लक्ष्मी रस्त्यावरच्या संध्याकाळच्या रिक्षाच्या मानाने चांगलेच भरधाव.

दुसरी वाहिनी कॅमेऱ्याची. जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचे चित्र तिच्यावर अखंड चालू असते. कथा नाही, पात्रे नाहीत. पाणी आणि आकाश एवढेच. तरीही बिनखिडकीच्या आतल्या केबिनमध्ये राहणाऱ्यांना ती फार उपयोगी पडते. अशा केबिनमध्ये दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार होतो आणि सकाळ झालेली कळत नाही. जाणते प्रवासी रात्री आवाज बंद करून ही वाहिनी चालू ठेवून झोपतात. रात्रभर पडदा काळा असतो आणि उजाडले की खोलीत समुद्रावरचा उजेड येतो. स्वस्तातली खिडकीच म्हणायची.

घड्याळाचे काम त्याहून मोलाचे. जहाजाची एक स्वतःची वेळ असते आणि ती टीव्हीवर लिहिलेली असते. सिंगापूर, पेनांग, फुकेत अशा फेरीत जहाज सहसा सिंगापूरचीच वेळ पाळते. फुकेतची वेळ तिच्या एक तास मागे. मोबाइल किनाऱ्यावरच्या टॉवरला लागला की मुकाट्याने थायलंडची वेळ धरतो. ‘पाचला परत या’ असे सांगितले असताना मोबाइलच्या पाचला धक्क्यावर पोचणाऱ्याच्या नशिबी जहाजाची पाठ येऊ शकते. उतरण्यापूर्वी केबिनमधली वेळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहावी. पुणेकरांना मनगटी घड्याळ वापरायचे हे उत्तम निमित्त आहे.

बाकीच्या वाहिन्यांवर क्रूझ डायरेक्टरचा, म्हणजे जहाजावरच्या करमणूक-प्रमुखाचा सकाळचा कार्यक्रम, पुढच्या बंदरातल्या सहलींची ओळख, दुकानांच्या जाहिराती आणि आदल्या दिवशीच्या व्याख्यानांची पुन्हा-पुन्हा आवर्तने असतात. बऱ्याच जहाजांवर आपल्या खात्याचा हिशेबही पडद्यावर दिसतो. रोज रात्री तो पाहण्याची सवय चांगली. शेवटच्या सकाळी वाद घालायला वेळ नसतो आणि रांग मोठी असते.

सुरक्षा : १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कोर्डिया’ हे जहाज खडकाला लागून कलंडले आणि ३२ जण दगावले. काही प्रवासी त्याच दिवशी चढले होते आणि त्यांची आपत्कालीन कवायत व्हायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. पूर्वी यासाठी सगळ्यांना नारिंगी जाकिटे घालून डेकवर उभे करत. २०२० मध्ये रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने सूचनांची चित्रफीत मोबाइलवर किंवा केबिनच्या टीव्हीवर पाहून नंतर आपापल्या जमण्याच्या जागी हजेरी लावण्याची पद्धत आणली. इतर कंपन्यांनीही तसलीच सोय केली. काही जहाजांवर चित्रफीत संपेपर्यंत टीव्ही दुसरे काही दाखवतच नाही. प्रत्यक्ष संकटात मात्र टीव्हीवर विसंबायचे नसते. सात छोटे आणि एक लांब भोंगा ऐकू आला की रिमोट टाकून निघायचे.

पडद्याची खिडकी : कॅमेऱ्याच्या वाहिनीमागची कल्पना डिस्नेने २०११ सालच्या ‘डिस्ने ड्रीम’ जहाजावर पुढे नेली. आतल्या केबिनच्या भिंतीवर गोल खिडकीच्या आकाराचा पडदा, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र आणि मधूनच डोकावून जाणारी कार्टून पात्रे. मुले बाल्कनीपेक्षा हीच केबिन मागू लागली तर नवल नाही. २०१४ मध्ये रॉयल कॅरिबियनने ‘नेव्हिगेटर ऑफ द सीज’वर ८० इंची पडद्याची आभासी बाल्कनी आणली. यातली मेख अशी की बाहेरचे दृश्य आणि पायाखालचे डोलणे जुळावे लागते, नाही तर मळमळ होते. एमएससी कंपनीने २०१९ साली ‘बेलिसिमा’वर ‘झोई’ ही बोलणारी मदतनीस केबिनमध्ये बसवली. तिला सात भाषा येतात. त्यांत मराठी नाही, हिंदीही नाही.

आपले सामान आपण नेणे : पुण्याहून निघताना लॅपटॉप, एचडीएमआय केबल, टीव्हीला लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारी फायर स्टिक असे सगळे बॅगेत भरले जाते. यातली साधी केबल कधीकधी चालते, टीव्हीची जोडणीची जागा हाताला लागली आणि कुलूपबंद नसली तर. हॉटेलांप्रमाणेच जहाजांवरही टीव्ही अशा पद्धतीने लावलेले असतात की पाहुण्याला इनपुट बदलता येऊ नये. फायर स्टिकची गाडी वायफायपाशी अडते, कारण जहाजाचे वायफाय आधी ब्राउझरमध्ये नाव-क्रमांक मागते आणि एका पॅकेजवर ठरावीक उपकरणेच घेते. स्वतःचा राउटर नेणे अनेक कंपन्यांना चालत नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने जप्त होतो आणि शेवटच्या दिवशी परत मिळतो. भिंती लोखंडी असल्याने चुंबकाचे हूक छान चिकटतात, तेवढे न्यावेत. सर्वांत खात्रीचा मार्ग जुनाच आहे: घरच्या वायफायवर मालिका मोबाइलमध्ये उतरवून घेणे. तिथेही एक तपासणी हवी, कारण काही ॲप परदेशात उघडत नाहीत आणि उतरवलेल्या भागांना मुदत असते.

इंटरनेटनंतर : भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन यायलाच संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो, प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद. टीव्हीला याने फरक पडत नाही, व्हिडिओ कॉलवर मात्र दोघे एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. सुमारे ८,००० किलोमीटरवरच्या ओ३बी उपग्रहांनी हे अंतर कमी केले. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांच्या स्टारलिंक या इंटरनेटसेवेची निवड रॉयल कॅरिबियनने ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केली आणि बाकीचे मागोमाग आले. भारतात विमाने आणि जहाजांवरच्या अशा सेवांसाठी डिसेंबर २०१८ मध्ये वेगळे नियम झाले. परिणाम असा की पैसे मोजले तर आता भर समुद्रातही प्रवासी आपल्या मोबाइलवर आपले पाहतो.

तरी केबिनचा टीव्ही फार सुधारावा अशी कंपन्यांना घाई दिसत नाही. प्रवासी केबिनमध्ये लोळत राहिला तर बार, दुकाने आणि कॅसिनो रिकामे राहतात. मोठा पडदा बाहेर लावणे त्यांना अधिक परवडते: प्रिन्सेस या क्रूझ कंपनीने २००४ साली ‘कॅरिबियन प्रिन्सेस’वर पोहण्याच्या तलावाशेजारी उघड्यावर चित्रपट दाखवायला सुरुवात केली. थंडीत पांघरूण घेऊन, लाह्या खात पाहायचा तो सिनेमा गावच्या जत्रेतल्या तंबूची आठवण करून देतो, फक्त तंबू नसतो.

खालच्या डेकवरचा टीव्ही : ज्यांच्याविषयी प्रवासी कधी बोलत नाहीत अशा खालच्या केबिनमध्येही बरीच माणसे राहतात. आचारी, सफाईवाले, वेटर, इंजिनखान्यातले लोक महिनोन्‌महिने जहाजावर असतात. २००६ च्या सागरी कामगार कराराच्या मार्गदर्शक सूचनांत खलाशांच्या करमणुकीसाठी टीव्ही पाहण्याची सोय आणि प्रवासाच्या काळाला पुरेल इतका चित्रपटांचा साठा, असा स्पष्ट उल्लेख आहे. हा करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. तळेगावजवळच्या इंदुरी आणि लोणी काळभोर इथल्या सागरी प्रशिक्षण संस्थांतून व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या पोरांना तो लागू असतो. मालवाहू जहाजावरच्या मेसमधला एकच टीव्ही आणि पुढच्या बंदरात कुणीतरी भरून आणलेली हार्ड डिस्क, एवढ्यावर कित्येक फेऱ्या निघालेल्या आहेत.