डेटाफ्लो आणि सिमँटिक मॉडेल: दोन्ही सामायिक, मग आकडे का जुळत नाहीत?

'आम्ही दोघांनी एकाच डेटाफ्लोवरून रिपोर्ट बनवले, तरी नफ्याची टक्केवारी वेगळी येते.' पॉवर बीआय (डेटावरून रिपोर्ट बनवण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) वापरणाऱ्या टीममध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते. डेटा खरोखरच एक असतो. हिशोब मात्र दोघांनी आपापला केलेला असतो.

डेटाफ्लोचं काम साफसफाईचं. पॉवर क्वेरी वापरून मूळ डेटाबेसमधून टेबलं ओढायची, दुबार नोंदी काढायच्या, तारखा नीट करायच्या आणि तयार टेबलं साठवून ठेवायची. मग ज्याला हवं त्याने ती आपल्या मॉडेलमध्ये घ्यावीत. दहा जणांनी दहा वेळा तीच सफाई करण्याची गरज उरत नाही. पण डॅक्समध्ये (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) लिहिलेली मेजर्स, म्हणजे हिशोबाची सूत्रं, त्यात नसतात.

ती असतात सिमँटिक मॉडेलमध्ये. (नोव्हेंबर 2023मध्ये हे नाव आलं, त्याआधी यालाच डेटासेट म्हणत. जुने लेख वाचताना हे लक्षात ठेवा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.) टेबलांमधली नाती, मेजर्स आणि कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम हे सगळं मॉडेलमध्ये राहतं. लाइव्ह कनेक्शनने जोडलेल्या रिपोर्टमध्ये डेटाची प्रत नसते. मांडणी तेवढी त्याची, आकडे मॉडेलचे. असा रिपोर्ट बनवणाऱ्याला त्या मॉडेलवर बिल्ड परवानगी लागते.

आता नफ्याकडे येऊ. एका वस्तूची विक्री 100, नफा 50, म्हणजे 50 टक्के. दुसरीची विक्री 900, नफा 90, म्हणजे 10 टक्के. एकाने टक्केवारीचा कॉलम करून सरासरी काढली: 30 टक्के. दुसऱ्याने एकूण नफ्याला एकूण विक्रीने भागलं: 1000वर 140, म्हणजे 14 टक्के. टेबल तेच, बरोबर उत्तर दुसऱ्याचं. फिल्टर बदलला की हा भागाकार नव्याने व्हावा लागतो, म्हणून तो आधीच कॉलममध्ये साठवून चालत नाही. तो मेजरमध्येच लिहावा लागतो आणि ते मेजर सगळ्यांनी एकाच मॉडेलमधून घ्यावं लागतं.

मग डेटाफ्लो नकोच का? तसं नाही. विक्री आणि मनुष्यबळ विभागांची मॉडेलं वेगळीच असायला हवीत, पण तारखांचं टेबल दोघांना एकच लागतं. तिथे डेटाफ्लो चोख काम करतो. दोन्ही एकावर एक रचता येतात: खाली डेटाफ्लो, वर मॉडेल. पण सामायिक करण्यासाठी एकच निवडायचं असेल, तर मी मॉडेल निवडेन.

त्याची एक जोखीम आहे. मॉडेलमधल्या मेजरचं नाव बदललं, की त्यावर उभे असलेले इतरांचे रिपोर्ट मोडू शकतात. म्हणून हात लावण्याआधी इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस उघडून पाहा. त्या मॉडेलवर कोणकोणते रिपोर्ट अवलंबून आहेत, ते तिथे दिसतं.