कीबोर्डवादक (रॉक संगीत)

रॉक वाद्यवृंदात ऑर्गन, इलेक्ट्रिक पियानो, सिंथेसायझर ही पट्ट्यांची वाद्ये वाजवणारा आणि अनेकदा गाण्याच्या रचनेतही वाटा असणारा कलावंत. गाण्याची सुरुवात, मधले पीस (वाद्यांचे तुकडे) आणि कॉर्डची (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या गुच्छांची) बांधणी पुष्कळदा त्याचीच असते. नाव मात्र गायकाचे होते. नागपूरकरांना हा कलावंत ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला म्हणून ओळखीचा आहे.

पेटी वाजवताना डावा हात भात्यात गुंततो. कीबोर्डला भाता नाही, त्यामुळे तो हात मोकळा होतो. या मोकळ्या हाताचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे रे मॅन्झारेक (१२ फेब्रुवारी १९३९–२० मे २०१३). जन्म शिकागोचा. लहानपणी पियानो शिकलेला हा तरुण लॉस एंजेलिसला चित्रपटकलेच्या शिक्षणासाठी गेला, तिथे त्याची पुढे बँडचा गायक झालेल्या जिम मॉरिसनशी ओळख झाली आणि १९६५ मध्ये दोघांनी ‘द डोअर्स’ हा बँड काढला. कार्यक्रमात या बँडकडे बेस गिटारवादकच नसे. मॅन्झारेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सच्या छोट्या पियानो बेसवर खर्जाची ओळ धरून ठेवी आणि उजव्या हाताने व्हॉक्स ऑर्गन वाजवी. दोन्ही हात दोन वेगळ्या वादकांसारखे चालवणे ही तयारी वर्षानुवर्षांच्या रियाझाशिवाय येत नाही. ‘लाइट माय फायर’ (१९६७) हे गाणे मुख्यतः गिटारवादक रॉबी क्रिगरचे. पण ते ज्या ऑर्गनच्या तुकड्याने ओळखले जाते तो मॅन्झारेकचा. बँडच्या पहिल्या तीन अल्बमवर गीतकार-संगीतकार म्हणून बँडमधल्या चौघांचे एकत्रित नाव होते. ही पद्धत न्याय्यच म्हणावी लागेल. १९७१ मध्ये मॉरिसन गेल्यावर मॅन्झारेक आणि क्रिगर यांनी स्वतः गाऊन आणखी दोन अल्बम केले. पुढे मॅन्झारेक निर्माता म्हणूनही काम करत राहिला.

सगळ्यांच्या वाट्याला असे श्रेय आले नाही. ‘प्रोकोल हॅरम’ या ब्रिटिश बँडच्या १९६७ मधल्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ या गाण्यातला ऑर्गन मॅथ्यू फिशरने रचून वाजवला होता. रचनाकारांत आपलेही नाव असावे म्हणून तो तब्बल चार दशकांनी ब्रिटिश न्यायालयात गेला. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, त्याचा हक्क मान्य केला.

नागपुरात वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असो, गणपतीतला मांडव असो वा आंबेडकर जयंतीची भीमगीते, व्हायोलिनचा ताफा, बासरी, ॲकॉर्डियन हे सगळे बहुधा एका स्टँडवर चढवलेल्या दोन कीबोर्डांतूनच येते. व्हायोलिनचा तुकडा संपत आला की डाव्या हाताने बटण दाबून बासरीचा टोन लावायचा, पुढच्याच क्षणी तोच हात स्वर खालीवर वाकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकावर नेऊन मींड काढायची, आणि गायिकेने ऐन वेळी काळी चार सोडून काळी दोन पट्टी मागितली तर ट्रान्सपोज करून (बटणाने पट्टी बदलून) तालातच पुढे जायचे. रॉकमध्ये डाव्या हाताने बेस धरला, इथे त्याने अख्खा वाद्यमेळ सांभाळला. दोन्हीकडची कसब सारख्याच तोलाची आहे.

मूळ गाण्याचे पीस हुबेहूब उतरवणे हा या वादकांचा रोजचा व्यवसाय. मात्र स्थानिक कवीच्या गाण्याला चाल लागते तेव्हा मुखड्याआधीचे आणि अंतऱ्यांमधले संगीत बरेचदा कीबोर्डवालाच जागच्या जागी रचतो, तेही कागदावर एक स्वर न लिहिता. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगीतकाराची जी व्याख्या आली, तिच्यानुसार संगीत रचणारा तो संगीतकार. मग त्याने ते स्वरलिपीत लिहिलेले असो वा नसो.